शिंपली आतून वाचायची

(छोट्या माहितीपटाचं निवेदन)

[नाशिकचा मासळी बाजार. पाटीत बर्फावर तिसऱ्यांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांचा, ढीग.]

त्र्यंबकच्या डोंगरापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. मध्ये सह्याद्रीचा कडा नसता तर नाशिककरांनी संध्याकाळची भेळ चौपाटीवर खाल्ली असती. पण कडा आहे, आणि आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच बसलं आहे. त्यामुळे या तिसऱ्या नाशकात येतात त्या टेम्पोतून, कसारा घाट चढून.

मावशी गिऱ्हाइकाला निवडून देतायत. एखादी उघडी दिसली की तिला टिचकी मारतात. हळूहळू मिटली तर पाटीत, नाही मिटली तर बाजूला. "मेलेली मिटत नाही, ताई. ती घ्यायची नाही."

टिचकीची ही परीक्षा शास्त्राला धरून आहे. शिंपलीच्या दोन झडपा पाठीकडे एका लवचीक पट्टीने जोडलेल्या असतात आणि ही पट्टी झडपांना कायम उघडं ठेवायला बघते. आतले दोन स्नायू त्यांना ओढून मिटवतात. म्हणजे उघडायला काही लागत नाही, मेहनत आहे ती मिटून राहण्यात. जीव गेला की स्नायू ढिले पडतात आणि झडपा आ वासतात. रश्शात पडल्यावर तिसऱ्या उघडतात, त्याचंही कारण हेच.

हे दोन स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथे झडपेच्या आतल्या अंगाला दोन वण राहतात. प्राणी मरून, कुजून, वाळून गेला तरी वण जात नाहीत. आपली गोष्ट या वणांची आहे.

[महाविद्यालयाची प्राणिशास्त्र प्रयोगशाळा. पांढऱ्या ट्रेमध्ये वाळू आणि बारीक शिंपल्या.]

कोकणच्या अभ्यास सहलीहून विद्यार्थी सहसा मोठे, रंगीत शिंपले घेऊन येतात. इथल्या मॅडम मात्र पुळणीवरचा चुरा आणायला सांगतात. भरतीची लाट जिथवर येऊन मागे फिरते, त्या रेषेवर साठलेला चुरा. तो चाळायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा आणि भिंगाखाली पसरायचा. त्यातल्या बहुतेक शिंपल्या एक सेंटीमीटरच्या आतल्या. काही पिल्लं आहेत, पण पुष्कळशा पूर्ण वाढलेल्या आहेत. त्या एवढ्याच होतात.

जगात शिंपल्यांच्या दहा हजारांच्या आसपास जाती आहेत. एका टोकाला मीटरभर रुंदीचा महाकाय शिंपला, तर दुसऱ्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरवर वाढ थांबणाऱ्या जाती. आपलं लक्ष बहुधा पहिल्या टोकाकडे जातं. खरी गर्दी मात्र लहानांची आहे.

एक विद्यार्थिनी दोन झडपा शेजारी शेजारी ठेवते. दोन्ही पांढऱ्या, साधारण गोल, नखाएवढ्या.

"मॅडम, या एकाच जातीच्या आहेत ना?"

"उलट्या कर. आतून बघ."

[भिंगातून: पहिली झडप.]

दोन स्नायूंचे वण दिसतायत. एका वणापासून दुसऱ्यापर्यंत कडेने एक पुसट रेष जाते. प्राण्याच्या अंगावरचं मऊ आवरण, म्हणजे प्रावार, इथे झडपेला चिकटलेलं होतं. या झडपेत ती रेष मागच्या बाजूला एकदम आत वळते आणि खोल खाच करून परत फिरते. ही खाच फार बोलकी असते. प्राण्याला लांब नळ्या होत्या आणि त्या आत ओढून घ्यायला जागा लागत होती, असं ती सांगते. नळ्या लांब, म्हणजे प्राणी वाळूत खोल राहणारा.

ही टेलिनिडी कुलातली, म्हणजे शिंपल्यांच्या त्या घराण्यातली. पातळ, चपटी, आणि मागची कड किंचित उजवीकडे मुरडलेली. ही वाळूखाली डाव्या अंगावर आडवी पडून राहते आणि एक नळी वर काढते. नळीचं तोंड तळावर फिरत राहतं आणि तिथे साचलेला सेंद्रिय गाळ ओढून घेतं. दुसरी नळी वापरलेलं पाणी बाहेर टाकते.

[दुसरी झडप.]

हिच्यात खाच नाहीच. रेष सरळ कडेने गेली आहे. पुढचा वण मात्र विचित्र आहे, लांब आणि बोटासारखा, रेषेपासून सुटून आत आलेला. ही लुसिनिडी कुलातली, आणि हिचा संसार अगदी वेगळा.

लुसिनिडी राहतात ती जागा बहुतेकांना सोसत नाही. समुद्रगवताच्या मुळांशी, काळ्या चिखलात. तिथे ऑक्सिजन नावालाच असतो आणि हायड्रोजन सल्फाइड भरपूर. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू बहुतेक प्राण्यांना विषारी आहे. लुसिनिडींनी आपल्या कल्ल्यांमध्ये जिवाणू पाळले आहेत. हे जिवाणू सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात आणि त्यावर अन्न तयार करतात. शिंपलीने त्यांना एकीकडून सल्फाइड आणि दुसरीकडून ऑक्सिजन पोचवायचा, त्यांनी तिला पोसायचं. त्यामुळे कल्ले जाडजूड आणि पचनसंस्था अगदी साधी. पाणी आत घ्यायला नळी नसते, म्हणून लांबट पायाने चिखलात वाट पाडून ती चिकट द्रवाने लिंपून घेते. खाच नाही ती यासाठी.

फायदा समुद्रगवतालाही होतो. मुळांभोवतीचं सल्फाइड कमी होतं, गवत वाढतं, आणि गवतावर मासे, खेकडे, कासवं जगतात. तळाखाली दडलेली, कुणाच्या नजरेला न पडणारी ही शिंपली नसती तर वरच्या कुरणाचं अवघड होतं.

बाहेरून पाहून ज्यांना आपण सख्ख्या बहिणी म्हटलं असतं त्या दोघींचं अन्न वेगळं, घर वेगळं, आणि नातंही लांबचं. रंग, आकार, वरच्या रेघा यांवर फार विसंबू नये ते यासाठी.

[कोकणातली पुळण, ओहोटी. लाट मागे सरताच वाळूतून शिंपल्या वर येतात.]

आता जरा उघड्यावरचा प्राणी. डोनॅक्स. पाचरीच्या आकाराची, गुळगुळीत, दोन-तीन सेंटीमीटरची. लाट जिथे फुटते तिथेच राहणं हिने पत्करलं आहे. दर लाटेला पायाखालची वाळू निघून जाते, आणि ही पुन्हा गाडून घेते. आधी पाय वाळूत खुपसायचा. मग त्याचं टोक फुगवून नांगर टाकायचा. झडपा झटकन मिटायच्या, की आतलं पाणी जोरात बाहेर येऊन वाळू सैल होते. मग पाय आखडून स्वतःला आत ओढायचं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं.

डोनॅक्सच्या काही जाती भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली सरकतात, त्याही लाटेवर स्वार होऊन. त्यांना लाटेची थरथर वाळूतून कळते आणि त्यातल्या जोरदार लाटा ओळखून त्या नेमक्या वेळी बाहेर उडी घेतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. डोकं नाही, मेंदू म्हणावा असा नाही, गुच्छागुच्छाने मज्जापेशी तेवढ्या आहेत. तरी लाट निवडता येते.

ट्रेमधल्या काही झडपांना एकेक भोक आहे. गोल, कडा आतल्या बाजूला निमुळत्या झालेल्या, जणू गिरमिटाने पाडलेलं. हे चंद्रगोगलगायीचं काम. ती शिंपलीला पायात गुंडाळते, आम्लाने कवच मऊ करत आणि दातांच्या पट्टीने खरवडत आरपार जाते. माळ ओवायला आयती भोकं मिळतात म्हणून मुलं खूश.

[सूक्ष्मदर्शकाचा पडदा. तिळाएवढी लालसर शिंपली.]

ही लासिआ. दोन-तीन मिलिमीटर. खडकाच्या फटीत, भरतीच्या अगदी वरच्या पट्ट्यात राहते, जिथे पाणी रोज थोडा वेळच पोचतं. बहुतेक शिंपल्यांची अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडली जातात आणि त्यांतून निघालेली पोहणारी पिल्लं, म्हणजे डिंभक, वाहत दूर जातात. लासिआच्या बऱ्याच जाती पिल्लं पोटातच वाढवतात आणि ती तयार शिंपली होऊनच बाहेर पडतात. काही वंश तर नराच्या वाटणीशिवाय, आईच्या तंतोतंत प्रती काढत चालले आहेत.

हे ओळखायला प्रत्येक वेळी जिवंत प्राणी लागतो असं नाही. झडपेच्या टोकाला, उंचवट्यावर, डिंभक असतानाचं पहिलं कवच शाबूत राहिलेलं असतं. पोहणाऱ्या डिंभकाचं कवच दोन टप्प्यांत घडतं. आईच्या पोटात वाढलेल्याचं पहिलंच कवच मोठं असतं आणि पोहण्याचा टप्पा त्यात उमटत नाही. भिंग पुरत नाही, चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, पण बाळपण वाचता येतं.

लासिआच्या नात्यागोत्यातल्या, गॅलिओमॅटॉइडिया अधिकुलातल्या, म्हणजे कुलांच्या गटातल्या, शिंपल्या म्हणजे भाडेकरूंची वसाहत. कुणी कोळंबीच्या बिळात राहते, कुणी हृदयाकृती सागरी अर्चिनच्या सोबतीने, कुणी कृमींच्या नळीत. एन्टोव्हॅल्वा तर समुद्रकाकडीच्या अन्ननलिकेत मुक्काम ठोकते. परक्या घरात राहायची सवय लागली की कवच पातळ होतं, झडपा जिथे जोडलेल्या असतात त्या बिजागरीचे दात झिजून नाहीसे होतात. मग ज्या खुणांवर वर्गीकरण करायचं त्या खुणाच उरत नाहीत. या अधिकुलात एक कुल कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

[जुनी कपाटं. खणांवर लेबलं.]

वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात. १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसने कवचं बघून नावं दिली. टेलिना, डोनॅक्स, व्हीनस, आर्का ही त्याची नावं आजही चालतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमच्या पॉल पेल्सनीरने कल्ल्यांच्या रचनेवर मांडणी केली. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॉर्मन न्यूवेलने बिजागरी, कवचाची घडण आणि जीवाश्म यांना पुन्हा मान दिला. आमचं मत विचाराल तर एकाच अवयवावर भिस्त ठेवणाऱ्यांची फसगत ठरलेली. सारख्या जागी राहणाऱ्यांचे अवयव एकमेकांशी नातं नसतानाही सारखे होतात. डीएनए हाताशी आल्यावर हे ठसठशीत दिसलं. २०१४ मध्ये टेलिनिडी, लुसिनिडी, तिसऱ्यांचं व्हेनेरिडी आणि आपले भाडेकरू अशी सगळी मंडळी इम्पॅरिडेन्शिया नावाच्या एका मोठ्या शाखेत एकत्र आली.

या शाखेतली एक नातेवाईक, कॉर्बिक्युला, आपल्या गोड्या पाण्यातही आहे. नदीच्या वाळूत हाताच्या बोटाएवढा लांब, आतून मोत्यासारखा चमकणारा लॅमेलिडेन्स सापडतो, आणि त्याच पाण्यात लहानगी, आडव्या रेघांची कॉर्बिक्युला. दोघांचा पत्ता एकच. पण लॅमेलिडेन्सची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, त्याचं घराणं निराळं. कॉर्बिक्युलाची जवळीक आहे ती बाजारातल्या तिसऱ्यांशी.

[पावसाळा. त्र्यंबक परिसरातले धबधबे. नंतर वैतरणेची खाडी.]

त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांतली वैतरणा पश्चिमेला उतरते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला भेटते. म्हणजे आपल्याकडच्या पावसाचं काही पाणी खाडीतल्या शिंपल्यांच्या डोक्यावरून जातं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीत हे प्रमाण झपाट्याने खाली येतं. शिंपली झडपा मिटून बसते, खाणं बंद, वाढ बंद. कवचावर त्या दिवसांची एक ठळक रेघ राहते. पूर फार दिवस टिकला तर पट्टेच्या पट्टे मरतात. आणि गोडं पाणी अजिबातच आलं नाही तर पाण्याबरोबर येणारा पोषक गाळही येत नाही. इगतपुरी तालुक्यातल्या अप्पर वैतरणा धरणाचं पाणी वीज करतं, मुंबईची तहान भागवतं. त्याच्या हिशेबात खाडीच्या तळाची गणती कुणी फारशी करत नाही. त्यात रेतीउपसा. ड्रेजर रेती उचलतो तेव्हा ज्या दहा-वीस सेंटीमीटरांत हे सगळं जग राहतं, तो थर आधी जातो.

[प्रयोगशाळा. मॅडम खण रिकामा करतायत.]

जुन्या लाकडी कपाटातल्या काही शिंपल्यांवर पांढरी पूड धरली आहे. विद्यार्थ्यांना ती बुरशी वाटते. ती बुरशी नाही. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटला खातात, त्याचे हे क्षार. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या शिंपल्या आता प्लॅस्टिकच्या डब्यांत जातायत. जिवंत शिंपली आणायची नाही, हा इथला नियम. दोन्ही झडपा जोडलेल्या मिळाल्या तर उत्तम. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी: जागा, तारीख, भरती की ओहोटी, वाळू की चिखल. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई स्पिरिटमध्ये उतरते. आणि ती डबीच्या आत ठेवायची. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी दोन पावसाळ्यांत गळून पडते, मग ती शिंपली अर्नाळ्याची होती की हर्णैची, हे सांगायला कुणी उरत नाही.