थिंग : एका सभेची वस्तू झाली त्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

नाव आठवेना की इंग्रजी बोलणारा माणूस 'थिंग' म्हणून वेळ मारून नेतो. चमचाही थिंग, प्रेमही थिंग. इतका राबवून घेतलेला शब्द, पण हजारेक वर्षांपूर्वी त्याचा थाट काही औरच होता. तेव्हा थिंग म्हणजे सभा. गुलाम नसलेले पुरुष एका ठरलेल्या जागी जमायचे, तंटे ऐकायचे, निवाडा करायचे. सातव्या शतकातल्या, इंग्लंडमधल्या केंटच्या राजांच्या कायद्यांत हा शब्द याच अर्थानं आला आहे.

मग सभेपुढे आलेला खटलाही थिंग झाला. खटल्यातला मुद्दा, मुद्द्यावरून कुठलीही बाब, आणि शेवटी हाताला लागेल ती वस्तू! लॅटिनमध्येही असंच घडलं. 'काउसा' म्हणजे खटला. त्यातून फ्रेंचांचा 'शोज' आणि इटालियनांचा 'कोसा' आला, दोन्हींचा अर्थ वस्तू.

आणि आपण? संस्कृतात गोष्ठी म्हणजे बैठक, मंडळी जमून केलेलं बोलणं. मराठीत तिची गोष्ट झाली. 'एक गोष्ट सांगतो' आणि 'ही गोष्ट मला पटत नाही' यांतली गोष्ट मुळात चारचौघांत बसूनच सुरू झालेली. मागे गेलं तर गोष्ठ, म्हणजे गाईगुरं बांधायची जागा. आपला गोठाही तिथलाच. भाषाशास्त्रात याहून गमतीचं नातं मला तरी ठाऊक नाही.

थिंगचा जुना अर्थ उत्तर युरोपात अजून नांदतो. आइसलंडच्या संसदेचं नाव आल्थिंग. तिची सुरुवात इ.स. ९३०च्या सुमाराची, थिंगवेलिर नावाच्या मोकळ्या मैदानावर. कायदे तेव्हा लिहिलेले नव्हते. कायदेवक्ता नावाचा अधिकारी ते तोंडपाठ ठेवायचा आणि दरवर्षी एक तृतीयांश, असे तीन वर्षांत सगळे कायदे लोकांना म्हणून दाखवायचा. आपल्याकडच्या वेदपाठकांनी मान डोलावली असती. नॉर्वेचं स्टॉर्टिंग आणि डेन्मार्कचं फोल्केटिंग, या संसदाही त्याच कुळातल्या.

इंग्रजीनं मात्र सभेचा अर्थ जवळजवळ टाकून दिला. उरला तो 'हस्टिंग्ज' या शब्दात. जुन्या नॉर्समधलं, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं, 'हूसथिंग', म्हणजे घरातली सभा, त्याच्या मुळाशी आहे. लंडनमध्ये त्या नावाचं न्यायालय होतं. पुढे निवडणुकीच्या लाकडी मंचाला तेच नाव पडलं. उमेदवार त्यावर उभे राहून बोलायचे आणि मतदारही आपलं मत उघडपणे, सर्वांदेखत सांगायचे. जमीनदारासमोर त्याच्या कुळाला ते किती जड जात असेल! १८७२ साली गुप्त मतदान आलं आणि तो मंच गेला. पण ब्रिटनमध्ये आजही निवडणूक लागली की मतदारसंघातले उमेदवार एकत्र बसून लोकांच्या प्रश्नांना तोंड देतात, आणि त्या सभेला हस्टिंग्जच म्हणतात.