बुरूड राजाचा कोट

अध्यक्षमहाशय आणि ठाणेकर श्रोतेहो, ‘दंतकथा हा इतिहासाचा पुरावा ठरतो काय’ असा आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत छापला आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर सोपाऱ्याला जाऊन येऊ. सोपारे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, तरी जुन्या ठाणेकराला ते आपलेच वाटते, ही तक्रार नोंदवून पुढे जातो.

तेथील एका टेकाडाला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आतून विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती आठ कांस्यमूर्ती, आणि एकात एक ठेवलेल्या करंड्यांपैकी सर्वांत आतल्या, सोन्याच्या करंड्यात बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे. राजा नाही, बुरूड नाही, कोटही नाही. तेव्हा कथा खोटी, असे माझ्या प्रबंधाच्या एका परीक्षकांचे मत पडले आणि त्या प्रकरणावर त्यांनी लाल शाईने ‘ऐकीव’ एवढाच शेरा मारला. त्यांना जे विचारण्याचे धाडस झाले नाही, ते तुम्हांला विचारतो: त्या उंचवट्याला लोक नुसती टेकडी का म्हणाले नाहीत? तो निसर्गाने घडवलेला नसून माणसाने बांधलेला आहे आणि बांधणारा लहानसहान असामी नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. त्याचे नाव विसरल्यावर रिकाम्या जागी त्यांनी राजा बसवला. विटा उघड्या पडल्या असतील, त्या पाहून कोणीही हे सांगेल, असा आक्षेप येईल. येऊ द्या, पाहून सांगितलेली गोष्ट हीही साक्षच असते. ‘बुरूड’ हा ‘बुद्ध’ याचाच अपभ्रंश आहे, असे म्हटले तर आत्ता टाळ्या पडतील, परंतु ध्वनिसाम्यावर इतिहास रचणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही, त्यांत माझी भर नको.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली, म्हणजे मूळ विषय आता धावतपळतच सांगावा लागेल.

अंबरनाथचे शिवालय पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि उजाडल्यामुळे गाभाऱ्यावरचे छत राहून गेले, असे सांगतात. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे पांडव बाद; परंतु ही कथा रचली गेली तेव्हा शिखर ढासळलेले होते आणि ते कसे ढासळले याची आठवण बुजली होती, हे मात्र ती कथाच सांगून जाते. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चर्चच्या घंटा देवळांत आल्या, ही गोष्ट आपण आजोबांकडून ऐकलेली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील पोर्तुगीज घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. म्हणजे कथेशेजारी वस्तू उभी करून पाहावी. आणि कथेचा लाभ कोणाला होतो, हेही विचारावे, कारण घराण्याच्या मोठेपणासाठी सांगितलेली कथा आणि कोणाच्याच उपयोगाची नसलेली कथा यांना एका तागडीत तोलता येत नाही. बुरूड राजाचा वंशज म्हणून आजवर माझ्याकडे कोणीही आलेले नाही.