अप्रेझल कमी आलं तेव्हा

[पडद्यावर: जेवणाचं टेबल. छापील कागदांचा गठ्ठा, पेन्सिल, पट्टी. मागे गाडीची दारं लावल्याचा आवाज.]

गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाला लेंडरचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा फोन आला. घराचा सौदा ५ लाख डॉलरला ठरलेला होता. इन्स्पेक्शन पार पडलं होतं, मुलांनी खोल्याही वाटून घेतल्या होत्या. पलीकडून आवाज आला, "अप्रेझल ४ लाख ७० हजारांचं आलंय." त्यापुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. अप्रेझल म्हणजे कर्ज देण्याआधी लेंडरने करून घेतलेलं घराचं मूल्यांकन.

अमेरिकेत कर्ज काढून घर घेणाऱ्या कुणालाही असा फोन येऊ शकतो. त्यानंतरचे दोन-तीन तास जपायला हवेत, कारण माणूस घाबरला की हात आधी साठवलेल्या पैशाकडे जातो. आमचंही तेच झालं. निवृत्तीच्या खात्यातून रक्कम काढायची का, यावर आमची तासभर चर्चा झाली. एजंटला तीन फोन झाले. आणि जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते रात्री अकराला सुचलं. अहवाल उघडला आणि वाचायला बसलो.

[पडद्यावर: कागदावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब.]

आधी पैशाचं बघू. लेंडर दोन आकडे समोर ठेवतो, ठरलेली किंमत आणि अप्रेझलची किंमत. कर्जाची रक्कम ठरवताना यातला जो कमी असेल तो धरतो. घर गहाण ठेवून पैसे देणाऱ्याने असं करणं रास्तच आहे. उद्या हप्ते थकले, तर त्याला ते घर विकून पैसे वसूल करायचे असतात.

इथे एक गैरसमज खिशाला फार चाट लावतो. बहुतेकांना वाटतं, फरक ३० हजारांचा आहे, म्हणजे पदरचे ३० हजार जास्तीचे घालावे लागणार. तसं होत नाही. आम्ही २० टक्के डाउन पेमेंट करणार होतो, म्हणजे १ लाख रोख आणि ४ लाख कर्ज. आता ४ लाख ७० हजारांचे ८० टक्के म्हणजे ३ लाख ७६ हजार एवढं कर्ज मिळेल. विकणारा ५ लाखांवर ठाम राहिला, तर रोख लागणार १ लाख २४ हजार. जास्तीचे किती? २४ हजार. कारण आकडा खाली आला की त्याचे २० टक्केही खाली येतात. डाउन पेमेंट ५ टक्केच असेल, तर हीच गोष्ट जास्त बोचते. २५ हजारांऐवजी साडेत्रेपन्न हजार जमवावे लागतात, रक्कम दुपटीहून जास्त होते. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच कमी अप्रेझलचा फटका जास्त बसतो.

दुसरी वाटही आहे. रोख रक्कम १ लाखच ठेवायची आणि ४ लाखांचं कर्ज मागायचं. ते अप्रेझलच्या ८५ टक्क्यांवर जातं. लेंडरला ते चालत असेल, तर बहुधा पीएमआय, म्हणजे कर्जाचा विमा मागे लागतो. पण तो जन्मभराचा नसतो. १९९८च्या कायद्याप्रमाणे हप्ते वेळेवर भरत असाल, तर मुद्दल मूळ मूल्याच्या ८० टक्क्यांवर आल्यावर तो बंद करायला सांगता येतं, आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ७८ टक्के गाठले की तो आपोआप थांबतो. फक्त 'मूळ मूल्य' म्हणजे किंमत आणि अप्रेझल यातला कमी आकडा, हे ध्यानात असू द्या. माझ्या मते पोराबाळांच्या घरात हाताशी सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असण्याला मोल आहे. ती शिल्लक रिकामी करण्यापेक्षा काही वर्षं पीएमआय भरणं मला परवडतं.

[पडद्यावर: घराभोवती फिरणारा माणूस, हातात लेझरचं मोजमाप यंत्र.]

हा आकडा काढणारा अप्रेझर म्हणजे राज्याचा परवाना असलेला माणूस. तो घर मोजतो, फोटो काढतो, निघून जातो. इन्स्पेक्टरशी त्याची गल्लत करू नका. छत गळतं का, पाइप कुजलेत का, हे पाहायला तो आलेला नसतो. फी आपण भरतो, पण त्याचं गिऱ्हाईक लेंडर असतो. २००८च्या आर्थिक संकटाआधीच्या काळात कर्ज मिळवून देणारे लोक अप्रेझरवर दबाव आणायचे, "एवढा आकडा आला नाही तर पुढचं काम नाही." त्यातून काय झालं ते जगाने पाहिलं. २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने हा दबाव बेकायदा ठरवला. म्हणून आज लेंडरचा विक्री विभाग अप्रेझर निवडू शकत नाही, आणि आपलं जे म्हणणं असेल ते लेंडरमार्फतच जायला हवं. अप्रेझरचा नंबर शोधून त्याला गळ घालू नका. पण त्याच कायद्यात तीन गोष्टी मागायची मुभा स्पष्ट लिहिली आहे. आणखी माहिती विचारात घ्या, तुमचा निष्कर्ष समजावून सांगा आणि चुका दुरुस्त करा. या तीन वाक्यांवर आमचं सगळं पुढचं काम उभं राहिलं.

अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. २०१४पासूनच्या नियमाप्रमाणे ती अहवाल पूर्ण होताच लगेच, आणि काहीही झालं तरी क्लोझिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान तीन कामकाजाच्या दिवसांआधी द्यावी लागते. फोनवर नुसता आकडा सांगितला असेल, तर कागद मागून घ्या.

[पडद्यावर: अहवालाचं पान अगदी जवळून. चौकटींची जाळी. पेन्सिलीचं टोक एका चौकटीवर थांबतं.]

हे पान बघा. डावीकडे आपलं घर, उजवीकडे तीन घरं, ज्यांना इथे 'कॉम्प्स' म्हणतात. अलीकडे विकली गेलेली, आपल्यासारखी घरं. साधारणपणे किमान तीन लागतात, आणि बहुतेक वेळा गेल्या १२ महिन्यांतली. प्रत्येक ओळीत एकेक गोष्ट आहे. जागा, प्लॉट, क्षेत्रफळ, बाथरूम, गॅरेज, तळघर. प्रत्येक फरकाला अधिक किंवा वजा रक्कम लावलेली असते. इथे आम्ही पहिल्यांदा गोंधळलो, म्हणून सावकाश सांगतो. अधिक-वजा होतं ते कॉम्पच्या किमतीत, आपल्या घराच्या नव्हे. शेजारच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि आपल्याला एका गाडीचं, तर ते घर वरचढ, म्हणून त्याच्या किमतीतून वजा. आपल्याला फायरप्लेस आहे आणि त्याला नाही, तर त्याच्या किमतीत अधिक. तिन्ही घरं अशी आपल्या घराच्या पातळीवर आणली की खाली तीन आकडे मिळतात. त्यांच्यातून अप्रेझर शेवटचा आकडा ठरवतो.

बायको एकेक ओळ वाचत होती, मी पेन्सिल धरून. बाथरूमच्या ओळीवर ती थांबली. या अहवालात बाथरूमचा आकडा विशिष्ट पद्धतीने लिहितात. २.१ म्हणजे दोन पूर्ण आणि एक अर्धं, ज्यात शॉवर किंवा टब नसतो. आपल्या घराच्या चौकटीत २.० होतं. तळमजल्यावरचं, कपडे धुण्याच्या खोलीजवळचं छोटं बाथरूम कुठेच नव्हतं. त्याचं दार खोलीच्या आतल्या बाजूला आहे, नजरेतून सुटलं असणार. त्यामुळे अडीच बाथरूमच्या दोन कॉम्पमधून विनाकारण रक्कम वजा झाली होती.

मग तिसरं कॉम्प. नकाशावर ते जवळ दिसत होतं, पण मध्ये रेल्वेमार्ग, आणि पलीकडे शाळेचा जिल्हा, म्हणजे मुलांना मिळणाऱ्या सरकारी शाळांचा भाग, वेगळा. उलट आमच्या मागच्याच रस्त्यावरचं, जवळपास तेवढंच घर अप्रेझर येऊन जाण्याच्या दोन आठवडे आधी विकलं गेलं होतं. ते यादीत नव्हतं.

एक ओळ मात्र आम्ही सोडून दिली. आमच्या भावी घराचं तळघर सुंदर सजवलेलं होतं, लाकडी फरशी, खिडक्या, मागच्या अंगणात उघडणारं दार. क्षेत्रफळात ते का धरलं नाही म्हणून मी तावातावाने बोलायला निघालो होतो. पण एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या मोजणी पद्धतीत, जी लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेने १ एप्रिल २०२२पासून सक्तीची केली, जमिनीखालचा भाग राहत्या क्षेत्रफळात येत नाही. मजल्याचा थोडासाही भाग जमिनीच्या पातळीखाली असला तरी तो पूर्ण मजला वेगळ्या ओळीत जातो. त्याची किंमत धरतात, पण वरच्या मजल्याइतकी क्वचितच. जाहिरातीत मात्र दोन्ही मिळून एकच मोठा आकडा छापतात, आणि आपण त्या आकड्यावर भाव ठरवून बसतो. त्या ३० हजारांतले काही हजार आमच्याच उत्साहाचे होते, हे मला त्या रात्री कबूल करावं लागलं.

[पडद्यावर: संगणकाच्या पडद्यावर पत्राचा मसुदा.]

सापडलेल्या चुका आता लेंडरला लिहून कळवायच्या होत्या. पुनर्विचाराच्या अशा मागणीला 'रीकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू' म्हणतात. फॅनी मे आणि तिच्यासारख्याच फ्रेडी मॅकच्या कर्जांसाठी २०२४पासून लेंडरकडे तिची लेखी पद्धत असावी लागते. कर्जदाराला एका अहवालावर अशी एकच मागणी करता येते, आणि जास्तीत जास्त पाच नवी कॉम्प्स सुचवता येतात. एकच संधी असल्याने घाईने पाठवू नका. पत्रात आम्हाला ५ लाख हवेत असं एकदाही लिहू नका, आणि नुसतं 'अन्याय झाला' असंही. आमचं पत्र पाऊण पानाचं होतं. चुकलेलं बाथरूम, सोबत फोटो. तिसऱ्या कॉम्पचा शाळा-जिल्हा. मागच्या रस्त्यावरच्या घराचा पत्ता, विक्रीची तारीख, किंमत, क्षेत्रफळ. घरं पूर्ण विकली गेलेलीच द्या. नुसतं विक्रीला लावलेलं घर मालकाची अपेक्षा सांगतं, तिथे कोणी पैसे मोजलेले नसतात.

हे चालू असताना घड्याळ थांबत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये अप्रेझल कंटिन्जन्सी, म्हणजे अप्रेझल कमी आल्यास बाहेर पडण्याचं कलम असेल, तर मुदतीच्या आत माघार घेऊन विसाराची रक्कम परत मिळते. मुदत उलटली की विसार धोक्यात. आमचे सहा दिवस उरले होते. आम्ही विकणाऱ्याकडून मुदतवाढ लेखी घेतली. फोनवरचं "हो, हो" अशा वेळी कामाचं नाही.

कर्जाच्या प्रकारानुसार संरक्षण बदलतं. एफएचए (सरकारी विम्याची) आणि व्हीए (सैनिक-माजी सैनिकांसाठीची) कर्जांत अप्रेझल कमी आल्यास विसार न गमावता बाहेर पडण्याचं कलम कॉन्ट्रॅक्टला जोडलेलंच असतं. व्हीएमध्ये तर आकडा कमी येणार असं दिसलं की अप्रेझर अहवाल संपवण्याआधीच कळवतो आणि कॉम्प्स द्यायला दोन कामकाजाचे दिवस मिळतात. एफएचएचं अप्रेझल त्या घरालाच चिकटतं, १८० दिवस. विकणाऱ्याने तुम्हाला नाही म्हटलं, तरी त्या काळात एफएचएचा दुसरा खरेदीदार आला की बहुधा तोच आकडा पुढे येतो. बोलणी करताना हे जरूर लक्षात आणून द्या. ज्यांनी चढाओढीत कंटिन्जन्सीच सोडून दिली, त्यांच्या हातात मात्र थोडंच उरतं, आणि त्यांनी तरी वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नये.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. फ्रेडी मॅकने २०२१मध्ये १ कोटी २० लाखांहून जास्त अप्रेझल तपासली. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या भागांत ७.४ टक्के अप्रेझल ठरलेल्या किमतीच्या खाली आली होती. कृष्णवर्णीयांच्या बहुसंख्येच्या भागांत १२.५ टक्के आणि लॅटिनो भागांत १५.४ टक्के. वंश, धर्म, मूळ देश पाहून घराचं मूल्य ठरवणं १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याला धरून नाही. अहवालात वस्तीच्या लोकांबद्दल शेरा दिसला, किंवा कॉम्प्स विनाकारण विशिष्ट वस्तीतलीच निवडलेली दिसली, तर गप्प बसू नका. लेंडरला लिहा, आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करा.

[पडद्यावर: पुन्हा तेच टेबल, सकाळचा उजेड.]

आठ दिवसांनी उत्तर आलं. ४ लाख ७८ हजार. बाथरूम धरलं, मागच्या रस्त्यावरचं घर धरलं, रेल्वेपलीकडचं तसंच ठेवलं आणि का ठेवलं त्याचं कारण चार ओळींत दिलं. कारण पटण्यासारखं होतं. उरलेला फरक घेऊन आम्ही विकणाऱ्याकडे गेलो, दुरुस्त अहवालाचं कॉम्प्सचं पान सोबत. विकणाऱ्या आजींनी ते घर २६ वर्षं सांभाळलं होतं. त्यांनी दोन दिवस मागितले आणि ४ लाख ८८ हजारांवर आल्या. कर्ज ३ लाख ८२ हजार ४००, रोख १ लाख ५ हजार ६००. क्लोझिंगचा खर्च वेगळा. निवृत्तीच्या खात्याला हात लावावा लागला नाही.

[पडद्यावर: दुरुस्त अहवालाचं पान. चौकटीत '२.१', शेजारी पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण.]