एका बेअरिंगची तीन नावं

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'लघुउद्योगांतील प्रणालींची जोडणी आणि माहितीचं व्यवस्थापन' असा छापलाय. त्यावर मी येणारच आहे, पण आधी एका बेअरिंगची गोष्ट ऐका. माझ्या मते सगळा विषय त्या बेअरिंगमध्येच आहे.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते. एकदा रात्रपाळीत मशीनचं बेअरिंग गेलं. नंबर 6205. बघा, निम्म्या माना हलल्या! शेवटच्या 05 ला पाचनं गुणलं की आतला बोअर, म्हणजे भोक, 25 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. जगात कुठंही घ्या, हेच माप. मेंटेनन्सच्या मुलानं कॉम्प्युटरवर '6205' टाकलं. शिल्लक शून्य. मग फोनाफोनी, पण रात्री दोन वाजता दुकान कोण उघडणार? सकाळपर्यंत लाइन बंद, ऑपरेटर बसून, आणि त्या दिवशीची गाडी अर्धी रिकामी गेली.

आठवड्याभरानं स्टॉकची मोजणी निघाली. दुसऱ्या रॅकच्या खालच्या कप्प्यात, तेलकट कागदात गुंडाळलेली अकरा बेअरिंगं! 6205 झेडझेड. कप्प्याच्या नोंदीच्या बिन कार्डावर मीच लिहून ठेवलेलं, 'बॉल बेअरिंग 25 x 52', आणि कॉम्प्युटरवरही तसंच चढवलेलं. परचेसनं पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढला होता 'बेअरिंग 25 बोअर' म्हणून. अकाउंट्सनं बिल टाकलं 'मशिनरी स्पेअर्स' खात्यात. ज्याच्या त्याच्या टेबलापुरतं ज्याचं त्याचं बरोबर होतं. पण ठपक्याचा मेमो मिळाला तो मेंटेनन्सच्या त्या मुलाला. त्यानं तर नीटच शोधलं होतं! त्या मेमोचा राग मला आजही येतो.

तुमच्याकडे एकाच सुट्या भागाच्या 'जुना बुश' आणि 'जुना बुश नवीन' अशा दोन नोंदी आहेत की नाही? मागच्या रांगेत हात वर आला, बघा.

याच्या उलटही होतं. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे रबरी सील. कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवणारं द्रव, उडतं त्या जागी टूआरएसऐवजी झेडझेड बसवलं, तर ते लवकर जाणार. आता मास्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मूळ यादीत, दोन्हींना नुसतं '6205' म्हटलंत, तर कॉम्प्युटर शिल्लक दाखवेल आणि हातात भलतंच येईल. म्हणून एका वस्तूला एकच कोड, आणि दोन वस्तूंना एक कोड कधीच नाही.

मालक मला म्हणतात, "मॅडम, टॅली आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर तेवढं जोडून द्या." जोडता येतं हो. पण नावं तीन ती तीनच राहिली, तर पूर्वी माणूस करायचा ती चूक आता रोज रात्री आपोआप इकडून तिकडं जाते. पैसे भरून आपण चुकीला रस्ता बांधून देतो.

आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांकडं बघा. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो हंगाम इथल्या कित्येकांना आठवत असेल. युरोपला माल पाठवायचा तर अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट पोर्टलवर बागेची नोंद लागते. रेसिड्यूची, म्हणजे उरलेल्या अंशांची, तपासणी त्याच नोंदीला जोडलेली, पॅकहाउसही त्याच साखळीत. पेटीवरून मागं मागं जात थेट प्लॉटपर्यंत पोचता येतं. शेतकरी, प्रयोगशाळा, निर्यातदार अशी वेगवेगळी माणसं एका क्रमांकावर एकमत करतात. आणि आपल्या एका छपराखालची तीन टेबलं करत नाहीत!

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. भरभर सांगते.

आयटम, ग्राहक आणि व्हेंडर म्हणजे पुरवठादार, या तीन मास्टरना प्रत्येकी एकच धनी नेमा. नवा कोड तोच उघडेल, बाकीच्यांनी मागायचा. व्हेंडर नावानं शोधू नका, जीएसटी क्रमांकानं शोधा. पंधरा अक्षरं, सुरुवातीला महाराष्ट्राचे 27, पुढची दहा पॅनची. स्पेलिंग बदललं तरी तो बदलत नाही.

जॉबवर्क, म्हणजे बाहेर पाठवून करून घेतलेलं काम. प्लेटिंगला गेलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर कायदा तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतो आणि कर लागतो. चलन स्टोअरमध्ये, हिशेब अकाउंट्समध्ये, मग वर्ष कधी उलटलं हे कुणाला कळणार? जोडणीचा पहिला पैसा इथं घाला. दुसरा ई-इन्व्हॉइससाठी, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलासाठी. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ते लागू आहे. बिल एका ठिकाणी बनवून पोर्टलवर पुन्हा हातानं भरत असाल, तर ते आधी थांबवा.

एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरची थेट जोडणी, परवडत नसेल तर रोज रात्री एक फाइल इकडून तिकडं गेली तरी पुष्कळ आहे. फक्त सकाळी कुणीतरी दोन्हीकडची बेरीज पडताळली पाहिजे. किती ओळी गेल्या, किती पोचल्या, आणि ज्या अडल्या त्या का अडल्या.

आणि बॅकअप. सगळे म्हणतात, घेतो. परत उतरवून किती जणांनी पाहिलाय? महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि गेल्या वर्षीचं एक बिल उघडून बघा. उघडलं तर बॅकअप आहे.

हां, मागं हात वर केलेले ते बुशवाले, तुम्ही विचारा आधी.