काळे, खाळे, गाळे, घाळे: पुस्तकांच्या मतदानातली बनावट मतं

(वाचक मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

विषय मला दिलाय तो वाचकांच्या ऑनलाइन ग्रुपमधलं मतदान स्वच्छ कसं ठेवायचं. म्हणजे तुम्ही वर्षाच्या आवडत्या पुस्तकासाठी पोल टाकता आणि आदल्या रात्री लेखकाचे भाचे, पुतणे, ऑफिसातली मंडळी सगळी धडाधड जॉइन होतात, तो विषय. हसताय म्हणजे होतंय तुमच्याकडे.

मी थेट मोठंच उदाहरण घेतो. विज्ञानकथांमध्ये ह्युगो नावाचं पारितोषिक आहे, १९५३ पासूनचं, आणि त्याला परीक्षक मंडळ नाही. वर्ल्डकॉन म्हणून वार्षिक संमेलन भरतं, ते ज्या संस्थेचं तिची वर्गणी भरली की तुम्ही मेंबर आणि मेंबर झालात की मत. संमेलनाला जायचीही गरज नाही, घरबसल्या कॉम्प्युटरवरून मत देता येतं. आता २०२४ ला ग्लासगोच्या संमेलनासाठी एकूण ३,८१३ मतं आली आणि त्यातली ३७७ आयोजकांनी बाद केली, म्हणजे जवळजवळ दहातलं एक! वर्गणी कमीत कमी ४५ पौंड, करा गुणाकार, सतरा हजार पौंडांच्या आसपास जातं, पुस्तकांच्या पारितोषिकासाठी एवढा पैसा कोण घालतं देव जाणे.

पकडलं कसं ते ऐका. मेंबरांच्या यादीत ओळीने अशी आडनावं होती की फक्त पहिलं अक्षर बदलतंय, तेही वर्णमालेच्या क्रमाने. आपल्याकडे समजा काळे, खाळे, गाळे, घाळे. आणि दुसऱ्या एका ठिकाणी तर नावं म्हणजे चक्क ओळीने आकडे होते, भाषांतर केलेले, श्री. तेवीस, श्री. चोवीस, श्री. पंचवीस असं धरा. एवढा खर्च करणाऱ्याने नावं शोधायला कंटाळा करावा, कमाल आहे. शिवाय आयोजकांच्या कानावर आलं होतं की कुणीतरी लोकांची वर्गणी भरतंय, सांगितलं तसं मत दिल्याचं दाखवलं की पैसे परत.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी पुढे काय केलं. निकालाच्या आधीच जाहीर निवेदन काढलं, किती मतं, का बाद केली, सगळं सांगितलं. ज्याच्या फायद्यासाठी हा उद्योग झाला त्याचं नाव मात्र दिलं नाही, कारण त्याला यातलं काही माहीत होतं असा पुरावा नव्हता. त्याला स्पर्धेतूनही काढलं नाही, खोटी मतं वगळून मोजलं तर तो जिंकला नाही, एवढंच. आपल्याकडे असं झालं की पहिल्या दहा मिनिटांत स्क्रीनशॉट फिरतात आणि त्या बिचाऱ्या लेखकाची धुलाई सुरू.

एवढा उघडेपणा का, तर आदल्या वर्षी नेमकं उलटं झालं होतं. २०२३ चं संमेलन चीनमध्ये चेंगडूला, निकाल ऑक्टोबरमध्ये, आणि आकडेवारी बाहेर आली जानेवारी २०२४ मध्ये. त्यात दिसलं की आर. एफ. कुआंगच्या 'बॅबल'सारखी कादंबरी 'अपात्र' म्हणून बाजूला ठेवलेली, कारण काही नाही. मग ईमेल फुटले आणि कळलं की मोजणारीच काही मंडळी नामांकन झालेल्यांची राजकीय मतं तपासत बसली होती. म्हणून म्हणतो, मतदाराकडे बॅटरी मारताना ती ॲडमिनच्या तोंडावरही मारा.

तिसरा प्रकार अजून अवघड, कारण त्यात खोटं काहीच नसतं. २०१५ ला एका गटाने ठरवून याद्या फिरवल्या, हीच नावं नामांकनात टाका म्हणून, माणसं खरी, वर्गणी खरी, तरी काही विभागांत सगळी नामांकनं त्यांचीच. बाकीचे मेंबर इतके भडकले की अंतिम मतदानात पाच विभागांत 'कुणालाच नको' हा पर्याय जिंकला. त्यानंतर ह्युगोवाल्यांनी कुणाला हाकललं नाही, नामांकनं मोजायची पद्धतच बदलली, २०१७ पासून लागू झाली. प्रत्येकाकडे एकच गुण, तो तुमच्या पाच पुस्तकांत वाटला जातो. शंभर जणांनी तीच पाच पुस्तकं लिहिली तर प्रत्येकाला वीसच गुण मिळतात, आणि तीस जणांनी मनापासून एकच पुस्तक लिहिलं तर त्याला तीस. मग तळाची दोन घ्यायची, त्यात कमी लोकांनी सुचवलेलं बाद, त्याचा वाटा त्याच मतदारांच्या उरलेल्या पुस्तकांना, आणि पुन्हा तेच. गठ्ठ्याला एखाददुसरी जागा मिळते, सगळं ताट मिळत नाही.

गठ्ठा म्हटल्यावर आपलं साहित्य संमेलन आठवलंच असेल. अध्यक्षपदाची निवडणूक पोस्टाने पाठवलेल्या मतपत्रिकांवर व्हायची आणि कोऱ्या मतपत्रिका गोळा करून एकहाती भरल्या जातात ही तक्रार जुनीच. शेवटी महामंडळाने निवडणूकच बंद केली, २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष एकमताने ठरवतात, पहिल्या अरुणा ढेरे. निवड उत्तमच होती, वाद नाही. पण मतदान बिघडलं म्हणून मतदानच काढून टाकणं मला पटलं नाही, दुरुस्तीला वाव होता.

तुमच्या ग्रुपसाठी एवढं काही लागत नाही हो. पोल जाहीर व्हायच्या आधी जॉइन झालेल्यांनाच मत, ही तारीख आधी सांगून टाका. मतदान चालू असताना आकडे दिसू देऊ नका, दिसले की लोक जमवाजमव करतात. ॲडमिनचं स्वतःचं पुस्तक यादीत असेल तर मोजणी दुसऱ्याने करायची. मत बाद केलं तर किती आणि का ते ग्रुपवर लिहायचं.

मघाशी चॅटमध्ये प्रश्न आला, न वाचताच मत देतात त्यांचं काय करायचं. ते पकडता येत नाही, आणि परीक्षा घ्यायला जाऊ नका, माणसं पळून जातील. ह्युगोवाले उलटीकडून जातात, अंतिम यादीतली बरीचशी पुस्तकं, निदान काही भाग, मेंबरांना डिजिटल स्वरूपात वाचायला पाठवतात, प्रकाशक तयार असतील तेवढी. आपल्याकडे सगळं पुस्तक कोण देणार, पण पहिली दोन प्रकरणं मागायला काय हरकत आहे? मागा, आणि परवानगी लेखी घ्या. पीडीएफ फिरवू नका म्हणजे झालं, त्यावर मी वेगळं बोलेन कधीतरी, तासभर लागेल.