कार्टूनमधल्या खलनायकाचा खटला कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतून आलेलं मूल ताट घेऊन टीव्हीसमोर बसतं आणि जेवण उरकेपर्यंत एक-दोन गुन्हे बघून उठतं. चोरी, अपहरण, फसवणूक. त्या गुन्हेगाराचं पुढे काय होतं, याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. मी फौजदारी वकिली करते. शाळांमध्ये कायद्याची माहिती द्यायला जाते, तेव्हा मुलांच्या प्रश्नांतून त्यांनी पाहिलेली कार्टून्स डोकावत असतात. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

कार्टूनमधल्या दुष्टांना शिक्षा कमी होते की जास्त, असा वाद घालता येईल. पण माझी तक्रार त्याच्याही आधीची आहे. त्यांच्यावर खटलाच चालत नाही. आणि खटलाच नसेल, तर झालेली शिक्षा रास्त होती की नाही, हे ठरवायचं कशावरून?

'मोटू पतलू' घ्या. मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेली, 2012 पासून घराघरांत पोचलेली मालिका. फुरफुरीनगरातला जॉन डॉन व्हायची स्वप्नं बघतो, साथीदारांना घेऊन चोऱ्या करतो. मोटू-पतलू त्याला बडवतात, इन्स्पेक्टर चिंगम येतो आणि त्याला पकडून नेतो. पुढच्या भागात जॉन मोकळा. मधल्या काळात काय झालं? जामीन मिळाला, शिक्षा भोगून झाली, की पुरावा नव्हता म्हणून सुटला? मुलांना हे कधीच कळत नाही. पकडलं म्हणजे न्याय झाला, एवढंच त्यांच्या मनात राहतं.

'पोकेमॉन'मधली टीम रॉकेट तर सहसा पकडलीही जात नाही. जेसी, जेम्स आणि त्यांचं बोलणारं मांजर भागामागून भाग पिकाचूला पळवायला येतात, फसतात, आकाशात भिरकावले जातात, संपलं. गावोगावी पोलीस अधिकारी जेनी आहे, पण या तिघांवर खटला भरलेला सहसा दिसत नाही. फसलेला गुन्हासुद्धा गुन्हाच असतो, हे मुलांना कोण सांगणार? आपल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि चोरीच्या प्रयत्नाला त्याच्या निम्म्यापर्यंत. चोर हात हलवत परत गेला, म्हणून कायदा त्याला सोडून देत नाही.

आता 'स्कूबी-डू'. अमेरिकेत 13 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या या मालिकेचा पहिलाच भाग मी वकिलाच्या नजरेने पाहिला, तेव्हा चकित झाले. संग्रहालयात काळ्या चिलखतातलं भूत फिरतंय. मुलं त्याला पकडतात, शिरस्त्राण काढतात, तर आत संग्रहालयाचे अभिरक्षक विकल्स! अस्सल चित्रं काढून त्यांच्या जागी बनावट चित्रं लावायची, हा त्यांचा धंदा. ती चित्रं खोटी आहेत हे ओळखू शकणारे एक प्राध्यापक इंग्लंडहून निघालेले असतात, म्हणून विकल्स त्यांना पळवतात आणि बांधून ठेवतात. विकल्स पकडले जातात. भाग संपतो.

हे आपल्याकडे घडलं असतं तर? भुताचा वेश घालून फिरण्यात फारसं काही नाही. पण नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तू चोरणं, याला सात वर्षांपर्यंत कैद. माणसाला डांबून ठेवण्यासाठी पळवणं, यालाही सात वर्षांपर्यंत. शिवाय फसवणूक. मालिकेत सगळा भर भुताच्या सोंगावर आहे. दोऱ्यांनी बांधलेल्या त्या प्राध्यापकांना काय वाटलं असेल, हे एका वाक्यातही येत नाही. न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सगळ्यात आधी त्यांना उभं केलं गेलं असतं. खटला नसला की आरोपीची बाजू जाते, हे खरंच. पण ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचं म्हणणंही कुणी ऐकत नाही.

या मालिकेत आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. मुखवटा निघाला की खलनायक तिथल्या तिथे सगळं कबूल करून टाकतो. आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेली कबुलीही, मॅजिस्ट्रेट समोर नसेल तर, चालत नाही. हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. कारण उघड आहे. मारून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं. कार्टूनमधला गुन्हेगार नेहमी खरंच बोलतो. खऱ्या कोठडीत माणूस मार चुकवण्यासाठी न केलेला गुन्हाही अंगावर घेतो.

कोर्ट दाखवणारं कार्टून नाहीच का? आहे, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. 'द सिम्पसन्स'चा 1990 मधला एक भाग आहे. किराणा दुकानावर सशस्त्र दरोडा पडतो. दरोडेखोराने मुलांच्या लाडक्या क्रस्टी नावाच्या विदूषकासारखा वेश केलेला असतो. होमर सिम्पसन हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. तो प्रामाणिकपणे क्रस्टीकडे बोट दाखवतो, ज्यूरी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेले सामान्य नागरिक, त्याला दोषी ठरवते, क्रस्टी तुरुंगात जातो. पण होमरच्या मुलांना, बार्ट आणि लिसाला, हे पटत नाही. क्रस्टीच्या छातीत पेसमेकर आहे, तरी दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणातला दरोडेखोर, पेसमेकरवाल्यांसाठी धोक्याची पाटी असलेला मायक्रोवेव्ह बिनधास्त वापरतो. क्रस्टीला वाचता येत नाही, आणि दरोडेखोर दुकानात मासिक चाळतोय. सगळ्यात मोठा धागा बुटाचा. होमरचा पाय दरोडेखोराच्या लांबलचक बुटाच्या टोकावर पडला, तेव्हा तो वेदनेने ओरडला होता. क्रस्टीचे बूट मोठे, पण पाय लहान. ते टोक रिकामं असायला हवं होतं. खरा चोर निघतो क्रस्टीचाच मदतनीस बॉब, ज्याचे पाय खरोखरच बुटाएवढे लांब आहेत.

एवढ्याशा भागात किती आलं बघा! साक्षीदार खोटारडा नसतानाही चुकू शकतो. लोकांना खात्री वाटली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. आणि निकालानंतरही पुरावा पुन्हा तपासता येतो. मुलांना पुरावा म्हणजे काय हे समजावताना मी हीच गोष्ट सांगते आणि ती मन लावून ऐकतात.

शाळांमध्ये हमखास येणारा प्रश्न असतो, "चोराला वकील कशाला द्यायचा?" त्यावर मी त्यांना मुंबईचं 26/11 सांगते. अजमल कसाबला अनेक लोकांनी गोळ्या झाडताना पाहिलं होतं. तरीही त्याला सरकारी खर्चाने वकील दिला गेला, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला, मे 2010 मध्ये फाशी सुनावली गेली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळं तपासून 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात ती अमलात आली. याच खटल्यात त्याच्याबरोबर दोन भारतीयही आरोपी होते. पुरावा टिकला नाही म्हणून ते निर्दोष सुटले, आणि वरच्या न्यायालयांनीही तो निकाल कायम ठेवला. खटला न चालवता तिघांनाही संपवावं, असं तेव्हा म्हणणारे थोडे नव्हते.

मोठ्यांच्या मनातही कार्टूनचाच हिशेब पक्का बसलेला आहे, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. चकमकीत आरोपी मारला गेला की पेढे वाटले जातात. मुंबईतल्या पोलीस चकमकींवरूनच सर्वोच्च न्यायालयाला 2014 मध्ये अशा मृत्यूंच्या तपासासाठी 16 मार्गदर्शक सूचना घालून द्याव्या लागल्या. दुसऱ्या बाजूला, 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. आपण मात्र तुरुंगात आहे म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं धरून चालतो.

कुणी म्हणेल, कोर्टकचेरी मुलांना रुक्ष वाटेल. मला हे मान्य नाही. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट महाराष्ट्रातल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे विस्फारून ऐकली आहे. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव स्वतः गादीवर बसलेले असताना शास्त्रीबुवांनी चौकशी करून त्यांना दोषी ठरवलं आणि तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं. ती शिक्षा काही अमलात आली नाही. तरी गोष्ट टिकली ती त्या निवाड्यामुळे.

म्हणून मुंबईच्या स्टुडिओत बसून मुलांसाठी लिहिणाऱ्यांना माझं मागणं आहे. जॉनचा एक खटला दाखवा. राज्यघटनेत लिहिल्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा. त्याला वकील द्या, चांगला हुशार वकील. ज्याच्या दुकानात चोरी झाली त्याला पोटभर बोलू द्या. मोटूची उलटतपासणी होऊ द्या आणि त्यात तो थोडा अडखळू द्या. चिंगमला पंचनाम्यात राहिलेल्या त्रुटीबद्दल न्यायाधीशांनी विचारू दे. मग निकाल काय लागायचा तो लागो, फक्त न्यायाधीशांनी त्याची कारणं मुलांना कळतील अशा मराठीत वाचून दाखवावीत.

नमस्कार.