अंत्युखियाची पंगत

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या शतकात, सिरियातल्या अंत्युखिया नगरात एकदा जेवणावरून वाद झाला. वाद घालणारे होते येशूचे दोन प्रेषित, पौल आणि पेत्र. पेत्र तिथल्या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसून जेवत असे; यहूदी रीतीला हे मान्य नव्हतं. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून काही माणसं आली, आणि त्यांच्या धाकाने पेत्र मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी विश्वासणारे उठले. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला! तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला जाब विचारला. ही हकिकत गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. त्याचा आक्षेप काय, तर हे लोक सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या शुभवार्तेच्या, सत्याला धरून चालत नाहीत.

हा आक्षेप मला फार दिवस उमगत नव्हता. पेत्राने शिकवणीतला एक शब्दही बदलला नव्हता. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, हे त्या दिवशीही त्याने ठामपणे सांगितलं असतं. बदलली होती ती फक्त बसायची जागा. पण देवाने ज्याला निव्वळ कृपेने जवळ घेतलं, त्याच्या शेजारी बसायला मी कचरलो, तर मी तोंडाने सांगितलेली बातमी माझ्याच ताटाने खोटी ठरते.

आपल्या मंडळ्यांचं दुखणं मला इथेच दिसतं. सुवार्ता आपण नव्या माणसासाठी राखून ठेवतो. त्याचा बाप्तिस्मा झाला की पुढचा कारभार, म्हणजे कमिटी, वर्गणी, मानपान, हे सगळं जगाच्या रीतीने चालू. पौलाचं तसं नव्हतं. ग्रीसमधल्या करिंथ नगरात तो दीड वर्ष राहिला होता, तिथली माणसं ओळखून होता. 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' (हा दुसरा एक उपदेशक) असे तट पडल्याचं कळताच त्याने विचारलं, तुमच्यासाठी वधस्तंभावर पौल खिळला गेला का? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी हवी होती, तेव्हाही हुकूम सोडला नाही. धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झालेल्या प्रभूची आठवण दिली. येशूच्या आठवणीत घेतल्या जाणाऱ्या प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा झिंगलेला, हे ऐकलं तेव्हा त्याने त्यांना थेट त्या रात्रीकडे नेलं, ज्या रात्री येशू धरून दिला गेला. भांडण असो की पैसा, तो वधस्तंभापासूनच बोलायला सुरुवात करतो.

आणि पेत्र? तो पुन्हा त्या पंगतीत जाऊन बसला की नाही, पौल सांगत नाही. पण पेत्राचं दुसरं पत्र उघडा. त्याच्या शेवटच्या अध्यायात, चारचौघांत आपल्याला जाब विचारणाऱ्या त्या माणसाचा उल्लेख येतो, तो असा: आपला प्रिय बंधू पौल.